फ्लॅट, सोऱ्या आणि फराळ टिकवण्याविषयी शेवटच्या सूचना

घाणा काढून आले. पहिल्या घाण्यातल्या चकल्या कडक झाल्या म्हणून उरलेल्या पिठात मोहन वाढवले, तर दुसऱ्या घाण्यातल्या तेलात विरल्या. आता कढईपाशी शेजारचे हुसेनभाई उभे आहेत. तेव्हा इथून पुढे सलग लिहिते.

मी, शालन गोपाळकृष्ण खांबेटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका (मराठी), राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. घाई आहे ती तेलाची. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. मुकुंद रबडे यांनी आज दिला. देण्याआधी त्यांनी पहिल्या घाण्यातली एक चकली तोंडात टाकली. बराच वेळ ते चावत होते. मग म्हणाले, "डोकं उत्तम आहे, शालनताई. चकलीचं मी लिहून देणार नाही."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा सुरू केले होते. त्यात विशेषणे फार झाली. ती काढल्यावर फक्त फ्लॅट उरला, म्हणून कागद तसाच ठेवून दिला.

१. बँकेतील माझ्या सर्व ठेवी माझा मुलगा कौस्तुभ याला द्याव्यात. तो बंगळूरला असतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी येतो, जेवतो आणि भिंतींकडे बघतो. भिंतींचा रंग त्याला आवडतो असे मी बरीच वर्षे समजत होते. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आई, हा फ्लॅट काढून टाकू. तुझी ज्येष्ठांच्या चांगल्या ठिकाणी सोय करतो. भाग्यश्रीचं ती बघेल." (भाग्यश्री कोण, ते कलम सहामध्ये आहे.) हे मृत्युपत्र त्या फोनमुळे लिहिले जात आहे. त्याबद्दल त्याचे आभार.

२. माझी जाऊ वासंती हिला माझा अडकित्ता द्यावा. माझे बेसनाचे लाडू खाऊन ती दरवर्षी विचारते, "छान झालेत गं, फोडायला काय वापरतेस?" यापुढे तिने तो वापरावा.

३. पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. पाककृतींची पुस्तके कोणाला देऊ नयेत. त्यांनी माझे नुकसान केले आहे.

४. ज्याअर्थी मी या घरात चाळीसहून अधिक दिवाळ्यांचा फराळ केला, आणि ज्याअर्थी त्यातला बराचसा बिघडवला, त्याअर्थी तो कसा टिकवावा हे सांगण्याचा अधिकार मला पोचतो. चांगले करणाऱ्या बायकांना यातले काही सांगता येत नाही. त्यांचे बिघडतच नाही.

कोणताही पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. हात लावून गार वाटला तरी आत ऊब असते. झाकण लावले की तिला घाम सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी चकली वाकते. वाकलेली चकली पाहुण्यांना "मऊ आवडते ना" म्हणून देऊ नये. मी दिली आहे.

चिवड्यातली मिरची आणि कढीपत्ता चुरचुरीत होईपर्यंत तळावा. त्यातले पाणी राहिले की पोहे सादळतात. मीठ आणि साखर एकत्र बारीक करून घालावी, नाहीतर ती तळाशी बसते आणि शेवटच्या माणसाला सगळे मीठ मिळते. आमच्याकडे शेवटचा माणूस म्हणजे गोपाळकृष्ण. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पाणी मात्र पुष्कळ प्यायचे.

लाडू आणि चिवडा एका डब्यात ठेवू नयेत, मध्ये कागद घातला तरी. मोठा डबा रोज उघडू नये. रोजच्यासाठी छोटा डबा भरून घ्यावा. ओला हात आत घालू नये. चकल्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत.

सुक्या खोबऱ्याच्या करंज्या सर्वांत आधी संपवाव्यात. खोबरे खवट होते. कोणी यायचे आहे म्हणून त्या राखून ठेवू नयेत. एका वर्षी मी कौस्तुभसाठी देवदिवाळीपर्यंत ठेवल्या. तो आला नाही. त्या मीच खाल्ल्या, वास आल्याचे कोणाला कळू नये म्हणून.

अनारशांविषयी मला काही सांगता येत नाही. त्यांचा उल्लेख कलम सहामध्ये आहे.

५. पितळी सोऱ्या, चकलीच्या ताटलीसह, शेजारच्या रशीदा आत्तार हिला द्यावा. आमच्या इमारतीत सर्वांत चांगली चकली तीच करते. ती मी तिला शिकवली, असे मी अनेकांना सांगितले आहे. खरे असे की मी चुकत असे आणि ती बघत असे. ईदला त्याच सोऱ्याने ती शेवही पाडते.

हे कलम मी मोठ्याने वाचले तेव्हा हुसेनभाई झारा घेऊन ओट्यापासून वळले. ते रशीदाचे यजमान. मंडईजवळ त्यांचे भांड्यांचे दुकान आहे, आणि या कागदावर ते साक्षीदार आहेत.

"ताई, वकील काय म्हणाले होते? साक्षीदाराच्या घरात काही जाऊ नये, उगाच पुढे कटकट."

"तुम्हाला कुठे देतेय? रशीदाला देतेय."

"घर एकच आहे, ताई."

रशीदा दारातून म्हणाली, "मग यांना साक्षीतून काढा. सोऱ्या राहू दे."

दिवाळीच्या तोंडावर दुसरा साक्षीदार मिळणे अवघड आहे. सगळी इमारत भाजणीत आहे. पहिले साक्षीदार डॉक्टरच, ते घड्याळाकडे बघत होते. मी म्हटले, मग सोऱ्या मृत्युपत्रातून वगळू आणि आत्ताच देऊ. रशीदाने तो तिथेच विसळला, पुसला आणि माझे मन बदलायच्या आत घरी नेला. सबब कलम पाच रद्द समजावे.

तिच्या घराचे दार लागल्यावर मला परातीत निम्मे पीठ दिसले. मृत्युपत्र लिहिताना माणूस जिवंत असतो, हे मी विसरले होते. चकलीचे भिजवलेले पीठ रात्रभर ठेवता येत नाही. ते आंबते आणि चकली तेल पिते. (ही सूचना कलम चारमध्ये धरावी.)

६. हा फ्लॅट, दुसरा मजला, पहिल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण कर्ज मला मिळाले, गोपाळकृष्णांना नाही. तो आतील भांड्यांसह भाग्यश्री नागोराव उमरीकर हिला द्यावा.

भाग्यश्री ही माझी सून होती. सहा वर्षांपूर्वी कौस्तुभने दुसरे घर मांडले आणि रीतसर घटस्फोट झाला. त्यांना मूल नाही. ती माझ्याकडेच राहते, विमा कंपनीत नोकरी करते आणि घरखर्चाचा निम्मा वाटा उचलते. कायद्याने ती आता माझी कोणी नाही. कागदावर काय नाते लिहू, असे वकिलांनी विचारले. मी म्हटले, रिकामे सोडा.

ती राहिली कशी, याची नोंद असावी. कौस्तुभ गेला तेव्हा दिवाळी जवळ आली होती. अनारशांचे तांदूळ भिजत घातले होते. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, मग सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे, गुळात कालवून गोळे करून ठेवायचे. पाणी बदलायच्या शेवटच्या दिवशी ती बॅग भरून उभी राहिली. नांदेडची गाडी रात्रीची होती. एवढी वर्षे भाषा शिकवली आणि वाक्य सुचले ते तांदळाचे. मी म्हटले, "तांदूळ भिजलेत. दळून होईपर्यंत थांब, मला एकटीला जमायचं नाही." ती थांबली. मग पीठ मुरायला आठवडा लागला. मग दिवाळी आली. त्या वर्षी माझे अनारसे तुपात पडले की फुटून पसरायचे. सगळे चमच्याने खावे लागले. वाटीतला गाळ खात ती पहिल्यांदा हसली. त्यानंतर जाण्याचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. तिला मी अनारशांसाठी थांबवले असे मला अनेक दिवस वाटत होते. मला अनारसे येत नाहीत, हे तिला तेव्हाही माहीत होते.

हे इथवर लिहिले तेव्हा ती ऑफिसातून आली. परात बघितली.

"सोऱ्या कुठंय?"

"देऊन टाकला."

"चकल्या अर्ध्यावर असताना?"

"कायदेशीर अडचण होती."

तिने हुसेनभाईंकडे बघितले. ते म्हणाले, "मी फक्त साक्षीदार आहे."

तिने हात धुतले, थोडी कोरडी भाजणी घालून पीठ पुन्हा मळले आणि कडबोळी वळायला घेतली. त्याला सोऱ्या लागत नाही. मला हे सुचले नव्हते. मी तिला हे कलम वाचून दाखवले. ती वळत राहिली.

"अहो आई, हे खोडा."

"का?"

"लोक म्हणतील, नवऱ्यानं सोडलं तरी घरासाठी सासूला चिकटून राहिली."

"लोक म्हणजे वासंती."

"वासंतीकाकू, तुमचा मुलगा, आमचे बाबा. नांदेडची सगळी आळी."

"मग घर कौस्तुभकडे जाईल. तो विकेल."

"विकू दे. मी भाड्यानं राहीन. धायरीला मिळतात चांगले फ्लॅट."

"आणि मी?"

"तुम्ही तेव्हा नसाल, आई. मृत्युपत्र आहे ना हे?"

डॉक्टर म्हणाले, "माझे पेशंट खोळंबलेत. घर कोणालाही द्या, सही तेवढी आज करा."

"डॉक्टर, तुम्ही सांगा हिला."

"मी रक्तदाबाचा डॉक्टर आहे. तुमचा आत्ता वाढलाय, एवढं सांगतो."

भाग्यश्रीने पहिले कडबोळे तेलात सोडले. "उद्या बोलू," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

तरी कलम सहा कायम ठेवत आहे. मात्र घर कोणाच्या गळ्यात बांधायचे नसते. उद्या सकाळी ती नाही म्हणाली, तर हा कागद मी माझ्या हाताने फाडीन आणि घर कौस्तुभला जाईल. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. नवऱ्याला चकली आवडावी अशी अट नाही.

या कलमात आधी एक वाक्य होते, "दिवाळीचा फराळ दरवर्षी याच घरात करावा." ते खोडले आहे. वकील म्हणाले, अशा अटी कोर्टात टिकत नाहीत. खरे कारण वेगळे आहे. मी स्वतः ती पाळलेली नाही. शंकरपाळे आमच्याकडे नेहमी बाहेरून येत. मी ते माझ्या डब्यात भरून ठेवत असे. वासंतीने त्यांचे कौतुक केले, तेव्हा मी मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

७. माझ्यामागे कसलाही विधी करू नये. माणसे जमलीच, तर चहा द्यावा आणि लाडू विकतचे आणावेत. आलेल्यांच्या दातांची जबाबदारी मला शेवटी तरी नको.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉ. रबडे यांनी करावी. ते घाईत असतात, त्यामुळे काम लांबणार नाही.

वरील मजकूर मी वाचला आणि मला समजला. खाडाखोड माझीच आहे. पान दोनवरचा डाग तेलाचा आहे, त्यावरून कोणी काही अर्थ काढू नये.

ठिकाण : कोथरूड, पुणे
दिनांक : १५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

(सही) शालन गोपाळकृष्ण खांबेटे

आम्ही खाली सही करणारे साक्ष देतो की, श्रीमती खांबेटे यांनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली, आणि त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर केली. दोघांनाही कडबोळी मिळाली. ती चांगली झाली होती.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. मुकुंद रबडे
२. (सही) हुसेन आत्तार

(यापुढचे पेन्सिलीने. मृत्युपत्राचा भाग नाही.)

गुरुवार. भाग्यश्रीने सकाळी कागद पहिल्यापासून वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि गवंड्याला फोन केला. दिवाळी झाली की ओटा वर घ्यायचा आहे. तो माझ्या उंचीचा बांधून घेतला होता. ती माझ्याहून वीतभर उंच आहे आणि इतकी वर्षे वाकून स्वयंपाक करते आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी म्हटले, मग माझा हात पुरणार नाही. "तुम्हाला पाट देईन उभं राहायला," ती म्हणाली आणि डबा घेऊन ऑफिसला गेली. तासाभरात गवंडी आला आणि माप घेऊन गेला.