फळीला आलेलं पोट

८ फेब्रुवारी १९८६
"पोरी, झोपाळ्यावर बस. या घरात बसायला विचारायचं नसतं." लग्न होऊन साताऱ्याच्या घरी आले, दाराशी अवघडून उभी होते, तेव्हा आप्पासाहेब म्हणाले होते. सासऱ्यांच्या त्या एका वाक्यावर मी आजवर सुखाने नांदले!

आज आठवलं, कारण त्याच झोपाळ्याला नवी फळी आली. जुनी सागाची साताऱ्याहून इथे जयपूरला सामान हलवताना चिरली. ही यांनी स्वतः केली — इथल्याच सीतापुऱ्यातल्या आपल्या कारखान्यात, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र तापवून, दाबून. फौज सोडल्यापासून हेच वेड. आम्ही दोघांनी तिच्यावर उड्या मारून पाहिल्या — या वयात! ढिम्म. आप्पासाहेब म्हणाले, "मतलब, मला बसायला मिळणार की नाही आज?"

२ मार्च
चहा झोपाळ्यावर, पेपर झोपाळ्यावर, दुपारची झोपही तिथेच. आप्पासाहेब खूश. हे त्याहून खूश.

२९ एप्रिल
लू सुरू झाली, इकडचे ते उन्हाळी गरम वारे. व्हरांडा भट्टीसारखा तापतो. आणि एवढ्या उकाड्यात आप्पासाहेबांनी फळीवर जाड गोधडी घातलीय, कडा पार खाली सोडून! म्हणे, "हाडं टोचतात गं."

११ मे
केर काढताना गोधडी वर केली. फळीला मधोमध चांगलं पोट आलंय. मागे आप्पासाहेब उभे.

"दिसलं तर तुला."

"कधीपासून?"

"ऊन तापायला लागल्यापासून. रात्री जरा सावरते, पण पहिल्यासारखी होत नाही. त्याला सांगू नकोस हं. किती हौसेनं केलीय पोरानं." मग हसून, "नवऱ्याचं पोट बघ, फळीचं काय बघतेस!"

उडीचं वजन क्षणाचं. माणूस रोज बसून राहतो, वरून हा उन्हाळा — फळी गुपचूप वाकत जाते. यांना कळायला हवं. पण आप्पासाहेबांकडे बघून 'नाही सांगणार' म्हणून बसले.

१७ मे
हे मावा कचोरी घेऊन आले. एका शाळेचं बाकांचं काम मिळालं! सगळे बाक याच फळ्यांचे, पत्र्याच्या वर्गांत. "हेडमास्तर विचारत होते, टिकतील ना? म्हटलं, माझे वडील थंडीपासून दिवसभर बसताहेत, याहून मोठी परीक्षा कुठली? काय आप्पा?"

आप्पासाहेब गोधडी नीट करत म्हणाले, "पोलाद आहे, पोलाद."

मी हातातली कचोरी परत ताटलीत ठेवली. भर दुपारी, एकेका बाकावर चार-चार पोरं.

१८ मे
मी दिलेला शब्द मोडणं सोपं आहे. पण ही गोष्ट आप्पासाहेबांच्याच तोंडून यायला हवी. उद्या चहा देताना म्हणणार आहे — आप्पासाहेब, यांच्यासमोर तुमच्या हाताने गोधडी उचला.

नाही म्हणतील. पण या घरात मी पहिल्यांदाच काही मागतेय.