उजवी बाजू वर

उएदा, ८ मार्च

प्रिय नोबुमासा,

पत्राची सुरुवात ऋतूनं करावी, असं आईनं आपल्याला शिकवलं. तर ऋतू असा : नदीकाठच्या जर्दाळूंना कळ्या धरल्या आहेत, छपरांवरचा बर्फ उतरला आहे, आणि वसंत आल्याची बातमी माझ्या गुडघ्यांपर्यंत अजून पोचलेली नाही. तोक्योत परागांचे दिवस सुरू झाले असतील, म्हणजे तुझं नाक वाहत असणार. लहानपणापासून वाहतं. जप.

चिगुसा मजेत आहे. तुझी मुलगी असूनही हुशार आहे. दर रविवारी दुपारी वसतिगृहातून माझ्याकडे येते, कोतात्सूच्या गरम टेबलाखाली रजईत पाय घालून बसते, माझ्या नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्याची अर्धी बरणी संपवते आणि मला तुमच्या अॅनिमेच्या धंद्यातला माल दाखवते. या हिवाळ्यात तिनं मला जादूच्या दुनियेतल्या चार मालिका दाखवल्या. "आत्या, तू न बघताच शिव्या देतेस, हे काही बरं नाही," म्हणाली. मुद्दा रास्त होता. आता बघून देते.

पहिलीत एक कारकून कचेरीत काम करता करता टेबलावर डोकं टेकून मरतो आणि दुसऱ्या जगात ड्रॅगनचं पिल्लू होऊन जन्मतो. कामानं माणूस मेला, आणि ते कसं दाखवलंय? विनोदी वाद्यं वाजवून, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत उरकून. नोबु, असे नवरे गेलेल्या बायकांबरोबर मी स्टेशनसमोर भोंगा घेऊन निदर्शनाला उभी राहिले आहे. त्यातल्या एकीलाही नवऱ्याचं अंडं फुटून पंख आल्याचं पत्र आलेलं नाही. माणसाला मारणाऱ्या कचेरीबद्दल एक शब्द नाही, आणि पंखांवर मात्र बारा भाग!

दुसरीत नायक बाजारातून एक गुलाम मुलगी विकत घेतो. तिला भाकरी देतो, आणि ती जन्मभर त्याची कृतज्ञ. बाजार मोडायचं त्याच्या मनातही येत नाही, कारण बाजार मोडला तर पुढच्या भागात दुसरी मुलगी कुठून आणणार? मी इतकी ओरडले की शेजारच्या मियाशिताबाई दार वाजवून विचारू लागल्या, "सेन्सेई, चोर शिरला का?" मी म्हटलं, "हो, टीव्हीत."

तिसरी चांगली होती. मी न्यायानं बोलते, हे तुला माहीत आहे. एक म्हातारी लोहारीण तीन भाग एकच तलवार घडवते आणि राजा न्यायला आला की सांगते, नाही देत. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. चिगुसा म्हणाली, "आत्या, तिला ऐकू येत नाही."

चौथी तुझी.

चिगुसानं ती शेवटी ठेवली होती. सुरू करण्याआधी तिनं गोड सारणाच्या ओयाकीची बशी माझ्यापुढे सरकवली. आजाऱ्याला औषध देताना आधी गोड देतात, तशी. मी विचारलं, "काय आहे यात?" म्हणाली, "काही नाही. बाबांची आहे, एवढंच."

एक मुलगा सायकलवरून निघतो. आई छोट्या खानावळीची मालकीण, किमोनो नेसून दारात उभी राहून त्याला हात करते. उतारावर ट्रक येतो. मग पांढरा उजेड, मग एक देवी त्याला विचारते, मागे काही राहिलंय का? आणि तो हसून म्हणतो, "नाही, विशेष काही नाही."

विशेष काही नाही!

मला माहीत आहे, ट्रक हा तुमच्या धंद्यात आता बसच्या थांब्यासारखा झाला आहे. सगळे नायक तिथूनच चढतात. चिगुसा सांगत होती, लोक त्या ट्रकवर विनोदसुद्धा करतात. करू देत. त्यांच्या घरी कोणी उतारावरून सायकल नेली नसेल. पण तू? पुलाच्या अलीकडच्या त्या वळणावर तू स्वतः उभा होतास. पोलिसांनी खडूनं आखलेली रेघ तू पाहिलीस. माझ्या इओरीच्या सायकलची घंटा तू उचलून खिशात घातलीस, मी बघू नये म्हणून. मी पाहिलं होतं. आणि माझ्या त्या मुलाच्या तोंडी तू हे वाक्य घातलंस?

आठ रविवार मी तुला शिव्या देत बघत राहिले. त्याला तलवार मिळते, राजकन्या मिळते, बोलणारा कोल्हा मिळतो. आईचं नाव निघत नाही. चिगुसा एकदा हळूच म्हणाली, "ती आई तुझ्यासारखी दिसते नाही, आत्या? डाव्या डोळ्याखाली तीळसुद्धा आहे." मी म्हटलं, "गप्प बस आणि खा." पण मी आंधळी नाही. तो तीळ माझा आहे. विचारलं होतंस का?

आणि मग नववा भाग आला.

तो विहिरीत डोकावतो. पाण्यात त्याला घराचं दार दिसतं. आई अंगण झाडते आहे. ती मान वर करते. राजकन्या हाक मारते, आणि तो जातो. बस, एवढंच. डोळा लवला तर चुकावं इतकंच. पण माझा डोळा लवला नाही. तिच्या किमोनोची उजवी बाजू वर होती.

डावी वर, हे आईनं मला किमोनो नेसायच्या पहिल्याच वर्षी शिकवलं आणि तुलाही. उजवी बाजू वर आयुष्यात एकदाच येते, आणि ती आपण घेत नाही, दुसरे घेतात, चितेवर देण्याआधी.

मी चिगुसाला थांबव म्हटलं. पुन्हा लाव म्हटलं. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बसले.

कारण मला वाटलं, इतक्या वर्षांत एका माणसानं तरी खरं सांगितलं. त्या ट्रकखाली गेला तो मुलगा कुठेतरी मजेत आहे, कोल्ह्याशी बोलतो आहे. मेली ती दारात उभी राहिलेली. आणि ती अजून अंगण झाडते आहे, कारण तिला कोणी सांगितलेलंच नाही. नोबु, त्या दिवशी माझा राग गेला होता. पुरता गेला होता. मी तुला फोन करायला आकडे दाबले आणि ठेवून दिला. वाटलं, उद्या नीट बोलू.

उद्या उगवला तो तुमच्या संस्थेची माफी घेऊन. चिगुसानं फोनवर वाचून दाखवली : "काम वाचवण्यासाठी पहिल्या भागातलं चित्र आरशासारखं उलटं वापरलं गेलं. संबंधित तरुण चित्रकर्तीच्या नजरचुकीमुळे वेशभूषेत अनुचित दोष राहिला. प्रेक्षकांच्या भावना दुखावल्याबद्दल क्षमस्व. डिस्कच्या आवृत्तीत दुरुस्ती केली जाईल." खाली लोकांचे हसण्याचे ढीग.

खोटं! चित्र उलटं केलं असतं तर तीळही उजव्या डोळ्याखाली गेला असता. गेला नाही. चेहरा जागच्या जागी आहे, झाडू उजव्या हातातच आहे, फक्त किमोनोचा गळा बदललेला आहे. ते कोणीतरी हातानं काढलेलं आहे. त्या भागाचा आराखडा तूच काढलास, असं शेवटच्या नावांत लिहिलंय. आणि किमोनोचा गळा तुला कळत नाही, असं मला कोणी सांगू नये. इओरीला शेवटचं नेसवताना माझ्या हातांनी सवयीनं डावी बाजू वर घेतली, तेव्हा तो विधीचा माणूस संकोचानं खाली बघत राहिला. तूच पुढे झालास. "ताई, उलटं," म्हणालास आणि माझ्या हाताखालून तो गळा सोडवून पुन्हा बांधलास.

आता कळलं, मी तुझ्याशी धड का बोलत नव्हते? एवढी सभा गाजवणारी बाई, आणि हे वाक्य मला आजवर लिहिता आलं नव्हतं. जोवर डावी वर होती तोवर तो झोपलेला होता. तू त्याला मारलंस, असं मला वाटत आलं आहे. हे खरं नाही, हे मलाही कळतं. पण वाटत आलं आहे.

आणि आता तू तेच चित्र काढतोस, तेही बरोबर काढतोस, आणि चार लोक हसले म्हणून एका पोरीच्या गळ्यात ते अडकवून मागे सरकतोस? तू तेव्हा भित्रा नव्हतास. मी तुझा राग केला, पण तुला भित्रा कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

ते चित्र बदलू नकोस. आणि ज्या पोरीवर ढकललंस तिचं नाव मोकळं कर. येत्या २८ तारखेला इओरीचं सातव्या वर्षाचं श्राद्ध आहे. यायचं असेल तर हे करून ये. नाही तर येऊ नकोस.

लोणच्याची बरणी चिगुसाबरोबर पाठवते आहे. तिचा याच्याशी संबंध नाही.

फुमिए


तोक्यो, १५ मार्च

ताई,

ऋतूबद्दल लिहीत नाही. नाक वाहतंय.

तीळ तुझ्याखेरीज कोणी पाहिला नसता. गळा मीच काढला. आमच्याकडे कानाए नावाची मुलगी आहे, बावीस-तेवीसची. ती चित्र घेऊन माझ्याकडे आली होती. "साहेब, तुम्ही उलटं काढलंय." मी म्हटलं, "माहीत आहे." म्हणाली, "पण ही बाई तर जिवंत आहे ना?" मी म्हटलं, "ते मला नक्की सांगता येत नाही." तिनं ते तसंच रंगवून दिलं.

लोक हसायला लागले तेव्हा बैठक झाली. खेळण्यांच्या कंपनीचा माणूस म्हणाला, "तुमच्या त्या बाईमुळे आमचा कोल्हा खपणार नाही." सगळे हसले. मीही हसलो. मग ती माफी लिहिली गेली, आणि मी गप्प बसलो. कानाए समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भित्रा म्हणालीस, ते बरोबर आहे.

तुझं पत्र आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं. काल नवी नोटीस लागली, माझ्या नावाची : ती नजरचूक नव्हती, चित्र मी काढलं, मुद्दाम काढलं. चिगुसा दाखवेल. मालिकेचं पुढचं पर्व आता दुसऱ्या कोणाकडे जाईल, तसं मला स्वच्छ सांगण्यात आलं आहे. डिस्कमध्ये चित्र बदलायचं की नाही, तेवढं अजून माझ्या हातात आहे. तू सांगितलंस तसं, बदलणार नाही.

"विशेष काही नाही" हे वाक्य मूळ कादंबरीतलं आहे. ते मला काढता आलं असतं. काढलं नाही. मला वाटलं, तो तसंच म्हणाला असेल, आपल्याला त्रास नको म्हणून. इओरी असाच होता. ताप असला तरी विशेष काही नाही.

त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलंस, तो चेहरा मला त्यानंतर कधी पुसता आला नाही. गळा कोणीतरी बदलायला हवाच होता. तो कोणी परका असू नये, एवढंच मला वाटलं. पण तुझ्या हाताखालून तो सोडवताना मी तुलाही नेसवत होतो, असं मला नंतर वाटत राहिलं. म्हणून ते चित्र.

येऊ का?

नोबु


उएदा, १९ मार्च

नोबुमासा,

जर्दाळू फुलले. ऋतूचं बोलणं संपलं.

माझा राग गेलेला नाही, हे आधी सांगते. कानाएची माफी नोटिशीत नाही, समोर उभं राहून, मान वाकवून माग. आणि तो कोल्हेवाला जे बोलला त्यावर तू हसलास, हे मी विसरणार नाही. पर्व गेलं, बरं झालं. कोल्ह्याच्या तोंडी भाषणं लिहायला माझा भाऊ जन्मलेला नाही.

पण काल चिगुसाकडून ते चित्र पुन्हा थांबवून घेतलं आणि बराच वेळ बघत बसले. तिनं विचारलं, "आत्या, रडतेस?" मी म्हटलं, "विचार करते आहे. दोन्हीला सारखाच वेळ लागतो."

त्या वळणावर आता सिग्नल आहे. तो मी नगरपालिकेशी भांडून लावून घेतला. तरी रोज सकाळी शाळेच्या वेळी मी पिवळा झेंडा घेऊन तिथे उभी असते. परवा एक ट्रकवाला लाल दिवा असताना पुढे सरकला. मी त्याच्या काचेवर झेंड्याची काठी मारली आणि इतकी बोलले की तो खाली उतरून म्हणाला, "आजी, श्वास घ्या, नाहीतर मराल." सगळी पोरं हसली. मीही हसले, नोबु. मग घरी येऊन मला त्याचं फार नवल वाटलं.

मेलेली बाई इतकी बोलत नाही.

तेव्हा माझा हट्ट मागे घेते. ते चित्र बदल. संस्थेनं सांगितलं म्हणून नाही आणि कोल्हा खपावा म्हणून तर नाहीच. मी सांगते म्हणून. डावी बाजू वर घे. कानाएला देऊ नकोस, दुसऱ्या कोणालाही देऊ नकोस. इओरीचा गळा तू तुझ्या हातानं बांधलास, तसाच हाही बांध. आणि तीळ जागेवर राहू दे.

२८ तारखेला सकाळी देवळात ये. काळा सूट आधी उन्हात टाक. मागच्या वेळी त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

अजून जिवंत, आणि अजून तुझ्यावर चिडलेली,
ताई