आवाज संपला हे कोणी सांगायचे

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय मुद्रितशोधन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला खरा आहे. मनाची खात्री मी सकाळपासून चार वेळा करून घेतली. मंगळवारी माझ्या डाव्या कानामागची गाठ काढणार आहेत. "त्या कानाचं ऐकणं जाईल, चेहऱ्याची एक बाजू कदाचित सैल पडेल, बाकी काही नाही," असे सर्जन म्हणाले. त्या 'बाकी'साठी हा कागद.

१. दोन खोल्यांचे घर, त्यातले सामान आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला. बहिणीला वगळले ते रागाने. पहिल्या मसुद्यात मी 'सोयीसाठी' असे लिहिले होते. स्वयंपाकघराची खिडकी भाचीने दुरुस्त करून घ्यावी. ती वाऱ्याने आपटते, असे शेजारी सांगतात. मला ऐकू येत नाही.

२. शब्दकोश आणि तांबडी पेने माझ्या जागी येईल त्या मुद्रितशोधकाला. दुसऱ्याची चूक सापडली की आनंद होतो. त्याची लाज वाटू देऊ नये. मला वाटायची.

३. बावीस रोजनिशा जाळाव्यात. (हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे.) आधी कोणी चाळल्या तर हरकत नाही, फक्त धाकटीने यंदाची चाळू नये. एप्रिलमध्ये तिच्याबद्दल फार लिहिले आहे.

४. तिंगशा. ही तिबेटी झांजांची जोडी: तळहातात मावणाऱ्या दोन जाड चकत्या, कातडी वादीने जोडलेल्या. कडेला कड एकदाच टेकवायची. दोघींचे सूर केसभर वेगळे, म्हणून आवाज लहरत लांबतो आणि विरतो. ज्या बाईंनी मला ध्यानाला बसायला शिकवले, त्यांच्या या झांजा. त्यांचा नियम साधा होता. सर्वांनी डोळे मिटून आवाजामागे जायचे आणि ऐकू येईनासा झाला की बोट वर करायचे. झांजा धरणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे, सर्वांत शेवटी आपले बोट उचलायचे आणि 'संपला' म्हणायचे. "वाजवायला कोणालाही येतं गं," बाई म्हणायच्या, "संपला हे खरं सांगता आलं पाहिजे."

बाई गेल्यावर सात वर्षे, शिंपीदादांच्या दुकानावरच्या खोलीत, दर शनिवारी सकाळी मी हे केले. शेवटचे आठ महिने खोटे केले. मला आवाजाची सुरुवात ऐकू येते, शेवट नाही; उजवा कानही आता मंदावला आहे. म्हणून मी ध्यानाला नेमाने येणाऱ्या सुतारांच्या बोटाकडे बघू लागले. पहिल्या रांगेत, पाठ ताठ, बोट सगळ्यांत उशिरा. मला वाटले, यांच्याइतके तिखट कान कोणाचे नाहीत. त्यांचे बोट उठले की माझे. शांतता लांबत गेली. लोक म्हणू लागले, "हल्ली काय खोल जायला होतं!" मी मान खाली घालून ते पदरात पाडून घेतले.

एप्रिलमध्ये धाकटी एकदाच आली. तिचे बोट कधीच वर गेले होते. बराच वेळ वाट पाहून ती मोठ्याने म्हणाली, "अगं ताई, केव्हाच संपला की आवाज! कशाची वाट बघताय सगळे, बसची?" दोघे-तिघे हसले. मी तिला जिन्यात गाठले. "तुला कधी कशात थांबताच आलं नाही," मी म्हणाले. "आणि तुला कधी 'मला येत नाही' म्हणता आलं नाही," ती म्हणाली. त्यानंतर बोलणे नाही.

झांजा सुतारांना ठेवायचे ठरवले होते. त्याआधी खरे सांगणे भाग होते, म्हणून गेल्या शनिवारी त्यांना मागे थांबवून सगळे सांगितले. त्यांनी वादीचा पीळ सोडवला.

"मॅडम, तीस वर्षं रंधा मशीनवर काढली मी. माझे कान केव्हाच गेलेत."

"मग बोट?"

"तुमचा खांदा बघतो ना, एक डोळा किलकिला करून. तुम्ही श्वास सोडलात की तो खाली येतो. म्हटलं, संपलं वाटतं."

"अहो, पण मी तर तुमच्याकडे बघते!"

आम्ही इतके हसलो की काय झाले ते बघायला शिंपीदादा कात्रीसकट वर आले.

हसू ओसरले, भीती होती तिथेच होती. शिवाय एक नवी. आठ महिने लोकांना जे मिळाले, तेही खोटे का? मला ठरवता येत नाही. एवढे मात्र ठरले, की त्या खोलीत वेळेवर बोट उचलून खरे बोलणारी एकच होती आणि तिला मी जिन्यातून परत पाठवले.

म्हणून तिंगशा धाकटीला. तिने ध्यान करावे अशी अट नाही. माझे बरेवाईट झाले तर एका शनिवारी तिने वर जाऊन त्या वाजवाव्यात आणि संपला की सांगावे. सर्वांनी तिचे ऐकावे, सुतारांनीसुद्धा.

५. सुतारांना काही ठेवलेले नाही. ज्याला वाटा त्याची साक्ष नको, असे वकील म्हणाले, आणि मला त्यांची सही हवी आहे. "चालेल की," ते म्हणाले, "डोळे शाबूत आहेत अजून."

६. कलम १ मधला राग मागे घेते. घर भाचीलाच राहील. इथवर लिहून धाकटीला फोन केला, सवयीने आधी डाव्या कानाला लावला. "मेल्यावर कशाला देतेस?" ती म्हणाली, "सोमवारी येते मी." तिने झांजा माझ्या डाव्या कानापाशी एकदा वाजवाव्यात, असे मी सांगितले आहे. सुरुवात मी ऐकेन. संपला की ती सांगेल.

स्थळ: शिंपीदादांच्या दुकानावरची खोली
तारीख: १४ सप्टेंबर, शनिवार

(सही) लिहिणारी

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
(सही) सुतार
(सही) शिंपी