पुढची, डावीकडची सीट

२ जून, सकाळ. इथला हिवाळा लागला. दव गोठलंय. आभाळ लख्ख.

या दोन हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातली कपाटं. जेवणाचं टेबल, एकही खिळा न मारता. पलंग. कोंबड्यांचं खुराडं. वजनकाटा, लोकर तोलायच्या जुन्या काट्याची स्प्रिंग वापरून. बर्फाच्या कुऱ्हाडींचे दांडे, इथल्याच बीच झाडाच्या लाकडाचे. आणि हिमनदीवरच्या पायऱ्या: सत्तावीस वर्षं, रोज सकाळी नव्याने, पर्यटकांच्या पायांसाठी. शिकवायला कोणी नव्हतं. पायऱ्यांपैकी आज एकही शिल्लक नाही, पण बर्फ वितळला हा कोरणाऱ्याचा दोष नव्हे.

दुपार.

काल बायकोला, नोलीनला, ग्रेमाउथच्या डॉक्टरांकडे नेऊन डोळे दाखवले. मधली नजर जाणार, कडेची राहील. बघायचं ते या हिवाळ्यात बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, काय बघायचंय? वाटलं, ऑस्ट्रेलियाला बहिणीकडे जायचं म्हणेल. तर म्हणे, तुझी हिमनदी. वरून. सगळा संसार पायथ्याशी केला, पण एकदाही वर आली नाही. मी दर वर्षी सांगायचो, तुझ्यासाठी रुंद पायऱ्या कोरतो, मग नेतो. आता बर्फ इतका मागे सरकलाय की हेलिकॉप्टरशिवाय कोणी पोचत नाही.

संकल्प: नेणार. पण मिळेल त्यात बसवणार नाही. उत्तमातलं उत्तम निवडणार.

संध्याकाळी पेट्रोल पंपावर बेव्हन भेटला. कुऱ्हाड कशी धरायची ते त्याला मी शिकवलं. आता स्वतःचं हेलिकॉप्टर उडवतो. गावाला बातमी आमच्याआधी कळते. त्याने काहीतरी सुचवलं. मी म्हटलं, निवड माझी मी करीन.

५ जून. आभाळ लख्ख.

गावात तीन कंपन्या, एकाच रस्त्यावर. पन्नास गुणांची पद्धत बसवली: काच, पायलट, यंत्राचं वय, वेळ, बर्फावर उतरवतात की नाही. नोलीनने विचारलं की मी हेलिकॉप्टर निवडतोय की जत्रेतला मेंढा. दुर्लक्ष केलं.

११ जून. लख्ख.

पहिली कंपनी. पायलट च्युइंगगम चघळत होता. विचारलं, वरून तिसरा बर्फाचा कडा कोणता? म्हणे, वरचा. शून्य. डावीकडच्या काचेवर करंगळीएवढा ओरखडा. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काका, फिरायला जायचंय की विकत घ्यायचंय? बाद.

१८ जून. लख्ख.

दुसरी कंपनी. प्रत्येकाला काट्यावर उभं करतात. माझं वजन एकशे चौदा दाखवलं. घरच्या काट्यावर सत्त्याण्णव. शंभराच्या वर गेलं की दीडपट भाडं. मी शांतपणे सांगितलं की तुमचा काटा बिघडलाय. आजवर कोणी तक्रार केली नाही म्हणे. कशी करतील? पर्यटक.

नोलीन म्हणाली, मग मी एकटी जाते. मी म्हटलं, ज्यांना माणूस तोलता येत नाही ते यंत्र काय तोलणार? प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे.

२१ जून.

घरचा काटा तपासला. कोंबड्यांच्या खाद्याचं वीस किलोचं पोतं ठेवलं. सतरा भरलं. किती वर्षं हे लोक पोत्यामागे तीन किलो मारतायत कोणास ठाऊक. दुकानात जाऊन सुनावलं.

९ जुलै. लख्ख. महिनाभर पावसाचा टिपूस नाही.

नोलीनने चहा कपाच्या शेजारी ओतला. टेबल तिरकं असेल म्हणाली. पाणसळ लावून पाहिलं. टेबल चोख आहे.

१४ जुलै.

डोक्यात आलं: सीट कितीही पुढची असो, नोलीन बुटकी, तिला खाली दिसणार कसं? बसायला लाकडी पाट करायला घेतला. बीच. वॉर्निशचे तीन हात. थंडीत वाळायला वेळ लागतो. घाई करणाऱ्यांतला मी नाही.

३ ऑगस्ट.

पाट तयार. जिथे तिथे विचारलं. सुटी वस्तू आत चालत नाही. असल्या नियमांनीच या गावाची वाट लागली. पाट कोंबड्यांना दिला. त्याही बसत नाहीत.

११ ऑगस्ट. दुपार.

वरून काय दिसेल याचा अंदाज घ्यायला दरीत जाऊन आलो. किती वर्षांनी गेलो, आठवत नाही. कठड्यापासून पुढे नुसती खडी आणि राखाडी पाणी. बर्फ दिसला नाही. धुकं असावं.

परतलो तर नोलीन विचारत होती की आभाळ एवढं स्वच्छ असताना आपण वाट कसली बघतोय. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो.

१४ सप्टेंबर.

निकाल. बेव्हनची कंपनी, पन्नासपैकी सेहेचाळीस. चार गुण मालकासाठी कापले. कुऱ्हाड टाकून यंत्राकडे गेला, त्याबद्दल. पूर्ण भाडं भरलं, माझं दीडपट (त्यांचाही काटा एकशे चौदाच दाखवतो; निषेध तोंडी नोंदवून). पुढची, डावीकडची सीट नोलीनला.

नोलीनला सांगितलं. बरं, एवढंच म्हणाली. सोनं केलं तरी बायकांना कौतुक नसतं.

२० सप्टेंबर. पाऊस. रद्द.

२४ सप्टेंबर. पाऊस. रद्द. इथला हिवाळा कोरडा असतो आणि वसंतात झोडपतो, हे मला कोणी सांगायला नको.

१ ऑक्टोबर. पाऊस. नोलीन हल्ली माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघते.

९ ऑक्टोबर. अखेर आभाळ उघडलं.

गेलो. बेव्हन स्वतः चालवत होता. आम्हा तिघांच्या कानांवर हेडफोन. नोलीन पुढे, डावीकडे, मी ठरवलं होतं तशी. बर्फ समोर आला आणि बाईने तोंड फिरवलं, बेव्हनकडे. मी मागून ओरडलो, समोर बघ.

ती म्हणाली, "सरळ बघितलं की मध्ये भोक पडतं, आयव्हन. मी कडेने बघतेय. तू सांग. तुझ्या पायऱ्या कुठे होत्या?"

खाली खडी होती. मी म्हटलं, हे काय, बरोब्बर खाली. निळा बर्फ आहे, दरीच्या तोंडापर्यंत. डावीकडे पहिला कडा. त्याच्या बाजूने माझा रस्ता, पायऱ्या अजून ओळखू येतात. इतकी वर्षं तिला तोंडी सांगत आलो, तसंच सगळं सांगितलं. काही चुकलं नसावं. बेव्हन ऐकत होता. त्याने मध्ये तोंड घातलं नाही. त्याचे दोन गुण परत दिले.

बर्फावर उतरलो. नोलीनने हातमोजा काढला, बर्फाला हात लावला, पुन्हा घातला. आत येऊन बसली.

रात्री.

जेवताना म्हणाली, छान सांगितलंस.

मग भांडी आवरताना, पाठमोरी: "कडेचं मला चांगलं दिसतं रे. कडेला सगळी खडी होती."

मी म्हटलं, काचेवर चकाकी होती, कोणालाही तसं वाटेल.

ती म्हणाली, "जूनमध्ये मला तुझं तोंडसुद्धा दिसत होतं."

टेबल पुसून झोपायला गेली. अर्धंच पुसलंय. उरलेलं मी पुसलं.

१० ऑक्टोबर. पाऊस.

नोंद पूर्ण असावी म्हणून. २ जूनला पेट्रोल पंपावर बेव्हन म्हणाला होता, "उद्या सकाळी आठला नोलीनला घेऊन या, दादा. तिला हवा तितका वेळ वर राहू." मी म्हटलं, मी असलं काही घेत नाही.

त्याने सांगितलेली रक्कम: शून्य डॉलर.