शेवाळाची टाकी फोडल्यानंतर

दादा,

पडवीत अनवाणी येऊ नकोस. तू फोडलेल्या शेवाळाच्या टाकीच्या काचा मी झाडलेल्या नाहीत. टाकीतलं हिरवं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आहे; रक्त हिरवं असतं, तर असंच वाहत आलं असतं.

"पावन्यांम्होरं शेवाळ ढवळतीस व्हय? गेली ना सोयरीक!" असं ओरडत तू माझा ओठ फोडलास, तेव्हा आई पाहुण्यांच्या कपबश्या विसळत राहिली.

उद्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या अखेरच्या परीक्षेत मला स्वतः वाढवलेलं जिवंत शेवाळ दाखवायचं आहे. वाचलेलं बाटलीभर घेऊन मी खोडदला, मैत्रीण वृषालीकडे जाते आहे. भाकरी टोपल्यात झाकली आहे.

परीक्षा होईपर्यंत मला न्यायला येऊ नकोस. उसाचा कोयता घरात सापडणार नाही. तो माझ्या पिशवीत आहे.

अंजना