आधीच्याचं पुढच्याला लागत नाही

कळंब, ता. ९ डिसेंबर १९५९

ती. महांतप्पा अण्णांस,

धाकट्या बहिणीचा शरणार्थ. वहिनींची कंबर आता बरी असेल. इकडं ज्वारी पोटऱ्यात आली आहे. हे आडतीच्या कामात असतात, जेवायला वेळेवर येत नाहीत. बाळ अंगानं भरलंय. कपाळ तुमचंच.

बारसं कधी, हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. मी दरवेळी दुसरंच काही लिहीत राहिले.

रामलिंग गेला, मग लीला. दोघंही वर्षाच्या आत. 'या घरात लेकरू टिकत नाही,' असं गल्ली बोलायला लागली. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मला घास उतरेना, म्हणून तुम्ही पाटी घेऊन बसलात. "दहात एक मूल दगावतं असं धर. दोन्ही जायची म्हणजे एक दशांश गुणिले एक दशांश, शंभरात एक. तो एक तुझ्या वाट्याला आला. पण तिसऱ्याला ते ठाऊक नसतं. त्याला पुन्हा दहात एकच. आधीच्याचं पुढच्याला लागत नाही, चंद्रा."

"आणि लागत असलं तर?"

"मग हा गुणाकार चालत नाही. पिशवीतली गोटी काढून परत टाकली नाही, तर पुढच्या वेळी पिशवीच बदललेली असते. तुझी मुलं काही एका पिशवीतली नाहीत."

तेवढ्यावर मी बाळंतपण काढलं.

दिवाळीनंतर सासूबाईंच्या खोकल्यात रक्त पडलं. यांनी येडशीहून गाडीनं बार्शीला नेलं. छातीचा फोटो निघाला. क्षय, तोही जुना. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन आधीच्या मुलांचं विचारलं. ताप? मान ताठ? झटके? हे प्रत्येकाला हो म्हणत गेले.

अण्णा, मला झोप मिळावी म्हणून सासूबाई दोघांनाही उराशी घेऊन निजायच्या. तोंडाला तोंड लावून.

बाळाला तपासलं, निर्धोक आहे. सासूबाईंना सुया चालू आहेत, गुण येईल म्हणतात. त्या आपणहून अंगणापलीकडच्या कडब्याच्या खोलीत राहायला गेल्या. दिवेलागणीला तिथून अंगाई म्हणतात. त्यात रामलिंगचं नाव येतं, लीलाचं येतं, आणि तिसऱ्या नावाच्या जागी त्या थांबतात. बाळ आवाजाकडं मान वळवून वाट बघत राहतं. त्या जागेत नाव पडलेलं मला ऐकवणार नाही. बारसं त्यासाठी राहिलंय.

काल दारातून ताट सरकवलं तर म्हणाल्या, "सुनबाई, खरं सांग. माझ्यामुळंच गेली न्हाय का गं ती लेकरं?"

मी म्हटलं, "नाही हो, आत्याबाई. अण्णा गणिताचे मास्तर आहेत. त्यांनी मांडून दाखवलंय. आधीच्याचं पुढच्याला लागत नाही. दोघं आपापल्या तापानं गेली."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या. ताट बाहेर ठेवताना म्हणाल्या, "तुझा अण्णा आला की त्याच्या तोंडून एकदा ऐकते. तो न्हाय खोटं बोलायचा."

तुम्ही या. खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसा आणि त्यांना तेच सांगा. सांगताना माझ्याकडं मात्र बघू नका.

तुमची,
चंद्रप्रभा