फौजीच्या माळातला म्हसोबा

९ नोव्हें., रवि. अल थुमामा.
मनूला शाळेत रोमन सैन्यावर प्रेझेंटेशन आहे. मला वाटलं तलवारी, रथ असं काहीतरी. ही बया विषय कुठला घेऊन आली, तर लढाई संपल्यावर शिपायांना काय मिळायचं. उत्तर: जमीन. जिंकलेली. मी भाजी चिरता चिरता विचारलं, "कुणाची?" "मम्मा, दॅट्स नेक्स्ट स्लाइड."

तेवढ्यात गावाहून आप्पांचा फोन. माळ सोलरवाल्यांना विकायचा ठरलाय. दादाची सही झाली, माझी राहिली. तिथल्या भारतीय एम्बसीत जाऊन मुखत्यारपत्र करून पाठव म्हणाले. बरं म्हटलं.

११ नोव्हें., मंगळ.
एम्बसीची अपॉइंटमेंट २३ ला, रवि.

नेक्स्ट स्लाइड झाली. हरलेल्यांची जमीन आधी रोमच्या सरकारजमा, मग मोजणीदार येऊन चौकोन पाडणार, मग शिपायांना वाटप. पुढे रोमन रोमनांशीच लढले, तेव्हा तर आपल्याच गावांच्या जमिनी काढून घेतल्या. जुना मालक कधी कधी तिथंच राहायचा, स्वतःच्या शेतात कूळ होऊन.

आमच्या आजोबांनाही माळ सरकारनंच दिलेला, फौजेतून आल्यावर. गावात फौजीचा माळच म्हणतात. त्याआधी कुणाचा? एवढी घोडी झाले, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
सु. घरी. रास लफानच्या गॅस प्लांटवर आज शिफ्ट नाही. त्याला सांगितलं तर म्हणे, "रोमचं काय घेऊन बसलीस? सही कर आणि खलास." ह्या नवऱ्याला कशाचं म्हणून कुतूहल नाही. मला मेलीला मात्र चैन नाही.

माळाच्या मधोमध म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. शेत आमचं, पण देव गावातल्या पांडुतात्यांच्या घरचा. दरवर्षी ते लोक नैवेद्य घेऊन येतात. लहानपणी तिथंच बसून मी त्यांच्या कोंबड्याचा रस्सा ओरपलाय. आमच्या शेतात त्यांचा देव कसा? आई म्हणायची, "असतो. गप जेव."

१५ नोव्हें., शनि.
आप्पांना सरळ विचारलं. "आगं, कागदावर सरकारी पड होती ती." मग कसत कोण होतं? "पांडूचा बाप."

पुढचं आपणहूनच बोलले. पहिल्या नांगरटीला तो बांधावर येऊन उभा राहिला. आजोबांना वाटलं, झालं, आता भांडण. काठी हातात घेतली. तो म्हणाला, "गवतात आमचा देव हाय. फाळ लागंल, जरा लांबनं घ्या." आणि स्वतः पुढं चालत जाऊन दगड दाखवला. आजोबांनी तेवढी जागा सोडली. तेव्हापासून आम्ही सोडतोय.

मला रडू आलं. रागही आला, कुणाचा ते कळेना.

१८ नोव्हें., मंगळ.
मनूला सांगितलं. तिनं वाचलंय, रोमन मोजणीदारही देवस्थानं, थडगी वाटपातून वगळायचे. म्हणजे देवाची जागा सोडायची, माणसाची नाही. मग त्या जुन्या मालकांबद्दल तिचा प्रश्न: "डिड एनीवन आस्क देम?" पुस्तकात नाहीये म्हणे.

सोलरवाले सगळ्या माळाला कुंपण घालणार. दादाला फोन केला, दगडाचं काय? "उचलून रस्त्याकडंला बसवू. देवाला काय, सगळीकडं सारखंच."

सु. पण आता विचारतोय, मग पुढं काय झालं?

२१ नोव्हें., शुक्र.
आप्पांना म्हटलं, सही करते, पण आधी पांडुतात्यांच्या घरी जाऊन या.
"काय विचारू?"
देवाचं. कुठं न्यायचा, न्यायचा का.
आप्पा अगदी हळू, "आणि त्यांनी जमीनच मागितली तर?"

विचारा तर, एवढंच म्हटलं. "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला.

परवा एम्बसी. सु. सोडायला येणार आहे. पासपोर्ट, फोटो पर्समध्ये घालून ठेवलेत. अपॉइंटमेंट रद्द केलेली नाही. आप्पांचा फोन अजून नाही.